तालुक्यातला फुटबॉल वर चढतो कसा आणि दिवाळीला अडतो कुठं?

बीड : आपल्याकडं मैदान म्हटलं की क्रिकेट, नाहीतर कबड्डी. फुटबॉल शहरातल्या पोरांचा, अशी समजूत. तिला पहिला मोठा धक्का बसला 15 सप्टेंबर 2017 रोजी. 10 लाख मुलं मैदानात उतरवायची म्हणून राज्य सरकारनं त्या दिवशी राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला. पुढच्याच महिन्यात 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, काही सामने नवी मुंबईत. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

देशात हा खेळ अखिल भारतीय फुटबॉल महासंघ चालवतो, राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे 'विफा'. पण खेड्यातल्या मुलाला खरा दरवाजा शाळेचाच. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत शालेय स्पर्धा होतात. गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील, मुलं-मुली वेगळे. जिंकत गेलं की जिल्हा, विभाग, राज्य. हवाई दलाचा सुब्रतो कपही याच शाळांच्या वाटेनं जातो. शाळेनं वेळेत नोंदणी केली नाही, तर पोरगं कितीही भारी खेळो, उपयोग शून्य. वरच्या पातळीवर पोचलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत 5 टक्के क्रीडा आरक्षण आहे. म्हणून घरचेही आता 'खेळून काय मिळतंय' असं जरा कमी विचारतात.

मग अडतं कुठं? कॅलेंडरवर. खालच्या फेऱ्या पावसाळ्यात सुरू होतात. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी दारात येते. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं कोयत्याबरोबर लेकरंही निघतात. कबड्डीला सात लागतात, इथं अकरा. त्यातले तीन-चार गेले की वरच्या फेरीला संघच उरत नाही. मुली तर धाकट्या भावंडांना सांभाळायला हमखास नेल्या जातात.

गंमत म्हणा की दैव म्हणा, यातल्या कित्येक टोळ्या कोल्हापूरच्याच फडात उतरतात. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात आणि अख्खी पेठ बघायला लोटते. आपलं पोरगं तेव्हा जवळच कुठंतरी मोळ्या बांधत असतं.

मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मागणी गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करायची, तीही गाडी निघायच्या आधी. पण ही योजना 6 ते 14 वयोगटाची. म्हणजे नववी-दहावीतला, 17 वर्षांखालील संघातला खेळाडू नेमका बाहेर. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 शासकीय वसतिगृहं 2021 मध्ये मंजूर झाली, मोठ्या मुलांना आधार त्यांचाच. संघाची यादी करतानाच 'कोणाचे आई-बाप यंदा जाणार?' हे क्रीडा शिक्षकांनी विचारून ठेवलं, तर अर्ज भरायला निदान दोन महिने हातात राहतात.