अबोल साहेब

आमचे साहेब बोलत नाहीत. म्हणजे मुके आहेत असे नव्हे. टेलिफोनवर ते गिऱ्हाइकाशी पाऊण पाऊण तास बोलतात, चहात साखर किती घालायची हे शिपायाला रोज नव्याने सांगतात. फक्त हाताखालच्या माणसाचे काम बरे झाले की वाईट, एवढेच त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही.

बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटाकडे मी नोकरीला आहे. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, त्या बंदरावर पोट भरणाऱ्या नव्या मुंबईतल्या अनेक कचेऱ्यांपैकी ही एक. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या दरपुस्तकात आठ आकडी क्रमांक असतो. तो चुकला की जकात चुकते, शंका निघतात, कंटेनर बंदरात अडकतो आणि भाडे दिवसागणिक चढू लागते. हा क्रमांक घालून चेकलिस्ट तयार करणे, हे माझे काम.

पहिले वर्षभर मी चेकलिस्ट करून साहेबांकडे द्यायचा आणि साहेब ती दुरुस्त करून परस्पर पुढे पाठवायचे. काय दुरुस्त केले, का केले, अक्षर नाही. मला वाटायचे, सगळे उत्तम चालले आहे! मार्चमध्ये वेतनवाढीचे पत्र हाती पडले तेव्हा कळले. माझ्यानंतर आलेला मुलगा माझ्या पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारले, “साहेब, माझं काम कसं आहे?”

“चाललंय,” साहेब म्हणाले आणि टेलिफोन उचलला.

नेरूळला घरी आलो तो तोंड पाडूनच. आमचे अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अरे, आमचा सबंध जन्म गोपनीय अहवालाखाली गेला. साहेबानं काय शेरा मारला ते बढती हुकली की समजायचं.” मग त्यांनी देव दत्त यांची हकिगत सांगितली. हे गृहस्थ सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर. एका वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला. ऐकायला गोड; पण बढतीला ‘फार चांगला’ हवा होता आणि त्यांना कोणी काही कळवलेच नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी नोकराला त्याचा प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कळवलाच पाहिजे, असा निकाल २००८ साली लागला. तोवर देव दत्त निवृत्तही झाले होते.

“पण तो निकाल सरकारी नोकरांचा,” मी म्हणालो. “आमच्या खाजगी कचेरीत कोण विचारतो?”

“तुझा साहेब बोलत नाही, पण दुरुस्त करतो ना? मग ते वाच की!”

म्हाताऱ्या माणसांचे कधी कधी ऐकावे. मी चेकलिस्ट साहेबांकडे देण्यापूर्वी तिची एक प्रत ठेवू लागलो आणि पुढे गेलेली प्रत काढून दोन्ही शेजारी शेजारी लावू लागलो. फरक एका वहीत. दोन महिन्यांत तेवीस फरक जमले आणि गंमत अशी की, त्यांचे प्रकार तीनच निघाले! आपण तेवीस वेळा चुकलो नसून तीन चुका पुन्हा पुन्हा केल्या, हे कळल्यावर मला त्या रात्री शांत झोप लागली.

त्यांतली मोठी चूक रबरी गॅस्केटची. गॅस्केट यंत्रात बसते, म्हणून मी ते यंत्रांच्या चौऱ्याऐंशीव्या प्रकरणात घालायचो. साहेब ते दर वेळी चाळिसाव्यात नेत. का, ते मला उमजेना. तेव्हा दरपुस्तक घेऊनच गेलो आणि ‘काम कसं आहे’ वगैरे काही न विचारता एवढेच म्हणालो, “साहेब, रबरी गॅस्केट चाळीसमध्ये का?”

साहेबांनी पुस्तक ओढले, यंत्रांचा सोळावा विभाग उघडला आणि पहिल्याच टिपेवर बोट ठेवले. यंत्रात वापरायच्या मऊ व्हल्कनाइज्ड रबराच्या वस्तू या विभागात येत नाहीत, असे तिथे स्वच्छ छापलेले! मग म्हणाले, “बसा. धातूच्या पत्र्याबरोबर दुसरा पदार्थ असेल, तर मात्र चौऱ्याऐंशी.” सव्वा वर्षात त्या खोलीत मी प्रथमच खुर्चीवर बसलो.

तेव्हापासून दर गुरुवारी चहाच्या वेळी मी एकच प्रश्न घेऊन जातो. नेमका, कागदासकट. त्याला साहेब उत्तर देतात. एकदा सहज म्हणाले, “आम्हाला कुणी शिकवलं नाही हो.” मला त्यांची थोडी दया आली. पण खरे सांगायचे तर सगळी नाही. हाताखालच्या माणसाने चोरासारखे कागद ताडून पाहावेत आणि साहेबाने त्याच्या दुप्पट पगार घ्यावा, हा काही न्याय नव्हे. माझ्या जागी एखादा भिडस्त असता तर अजून गॅस्केट चौऱ्याऐंशीतच घालत बसला असता.

यंदा मार्चची वाट न पाहता फेब्रुवारीतच मी एक कागद लिहिला. वर्षात किती चेकलिस्ट केल्या, किती दुरुस्त झाल्या, पूर्वी किती होत होत्या. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. बोलले काहीच नाहीत. खणाला कुलूप मात्र लावले.