‘सचिन, सचिन’ नेमकं कोणाचं?

परभणीत टेनिस बॉलची स्पर्धा रंगात आली की एखाद्या उत्तुंग षटकारानंतर कडेची पोरं फलंदाजाच्या नावाचा गजर सुरू करतात. नाव एकदा लांबवून, पुन्हा एकदा वर चढवून, मग तीन टाळ्या. यातल्या कित्येकांनी सचिन तेंडुलकरला भारताकडून खेळताना पाहिलेलंच नाही. चाल मात्र ‘सचिन, सचिन’चीच. ती काढली कोणी, यावर टपरीवर ठाम मतं ऐकू येतात आणि त्यातली बरीच चुकीची असतात.

ए. आर. रहमानच्या गाण्यामुळे ती पसरली, हे त्यातलं सगळ्यात कच्चं मत. ते गाणं ज्या चित्रपटातलं, तो ‘सचिन: अ बिलियन ड्रीम्स’ आला २०१७ मध्ये. वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने या गजराचा भरल्या गळ्याने उल्लेख केला, तो १६ नोव्हेंबर २०१३ रोजी. गाण्याने गजर उचलला, उलट नव्हे.

‘आईने सुरू केली’ या मताला मात्र आधार आहे, कारण सांगणारा खुद्द सचिन. त्याच गाण्याच्या प्रकाशनावेळी तो म्हणाला की, खाली खेळायला गेलं की घरी परत बोलावण्यासाठी आई ‘सचिन, सचिन’ अशा हाका मारायची, सुरुवात तिचीच. मुलाने आईला दिलेला हा मान मोलाचा आहे. पण बातम्यांच्या मथळ्यांनी हाक आणि गजर एकच करून टाकले. आईने, म्हणजे रजनीताईंनी, मुलाला प्रत्यक्ष मैदानात खेळताना पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या शेवटच्या कसोटीत. तोवर त्याची कारकीर्द २४ वर्षांची झाली होती आणि गजर सगळ्या स्टेडियममध्ये मुरला होता. नाव आईच्या तोंडचं; ताल आणि टाळ्या गर्दीच्या.

मग गर्दी कुठली? मुंबईकर बेधडक वानखेडेचं नाव घेतात. वानखेडेवर हा गजर सर्वांत दणदणीत घुमला, हे मान्य. पण मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध २१ चेंडूंत एक धाव काढून सचिन बाद झाला, तेव्हा त्याच वानखेडेवर काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. घरच्या मैदानाचं प्रेम अखंड होतं, हा समजही त्यामुळे टिकत नाही.

एकच जनक शोधणंच मला चुकीचं वाटतं. गणपतीच्या मिरवणुकीत एकजण ‘गणपती बाप्पा’ म्हणतो, बाकीचे ‘मोरया’. सुरुवात करणारा आवाजावरून ओळखू येतो. ‘सचिन, सचिन’मध्ये अशी वाटणी नाही. पहिल्या अक्षरापासून सगळेच सगळं म्हणतात, शेजारच्याने धरलं की आपणही धरतो. शिकवावं लागत नाही, भाषाही आड येत नाही. म्हणून तो मुंबईइतकाच चेन्नईत आणि कोलकात्यातही आपला झाला. देवगिरी एक्स्प्रेसने वानखेडे गाठायला परभणीकराला रात्र काढावी लागते. गजर टीव्हीवरून घरबसल्या पोचला.

आता तो सचिनपुरताही उरलेला नाही. ‘रोहित’, ‘विराट’ ही नावं त्या तालात सहज बसतात, कारण तीही सचिनसारखीच आटोपशीर. ‘अजिंक्य’ म्हणताना जोडाक्षरावर जीभ अडते आणि टाळी उशिरा पडते. परभणीच्या पोरांनी त्यावर तोड काढली आहे: नाव मोठं असलं, तर घरातलं हाक मारायचं नाव घ्यायचं.