भोपळ्याचं सूप आणि लोकांचा कालवा

राष्ट्रांचे जन्मदिवस : लेखांक ९

१ जानेवारी २०२२. हैती या कॅरिबियन देशातलं गोनाईव्ह शहर. स्वातंत्र्यदिनाच्या प्रार्थनेसाठी पंतप्रधान आरियेल आँरी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आले होते. त्यांच्या येण्याला शहरातल्या टोळ्यांचा विरोध होता. बाहेर गोळीबार सुरू झाला आणि सुरक्षारक्षकांच्या गराड्यात पंतप्रधानांना तिथून बाहेर काढावं लागलं. ज्या गावात या देशाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली, त्याच गावातून ऐन स्वातंत्र्यदिनी सरकारला पळ काढावा लागला.

तेव्हापासून परिस्थिती आणखी चिघळली आहे. १ जानेवारी २०२६ ला हैतीच्या स्वातंत्र्याला २२२ वर्षं पूर्ण झाली आणि त्या दिवशी देशात निवडून आलेला एकही लोकप्रतिनिधी नव्हता. राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांची जुलै २०२१ मध्ये राहत्या घरात हत्या झाली. उरलेल्या दहा सिनेटरांची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोजदादीनुसार २०२४ या एका वर्षात ५,६०० हून अधिक माणसं मारली गेली आणि २०२५ मध्ये जवळपास १४ लाख लोक घरदार सोडून देशातच विस्थापित झालेले होते. एक कोटीहून थोडी जास्त लोकसंख्या असलेल्या देशाचे हे आकडे आहेत.

असं असूनही दर १ जानेवारीला हैतीचे लोक स्वातंत्र्यदिन साजरा करतात. तोही मनापासून. या लेखमालेत आपण ज्या देशांचे जन्मदिवस पाहिले, त्यांत हा मला सर्वांत विलक्षण वाटतो. कारण इथलं देशप्रेम सरकारच्या आधाराविना, बऱ्याचदा सरकार असूनही, टिकून राहिलं आहे.

हे समजून घ्यायचं तर १८०४ कडे जावं लागतं. त्याआधी या भूमीचं नाव सँ-दोमँग होतं आणि ती फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. युरोपच्या चहा-कॉफीतली साखर आणि खुद्द कॉफीसुद्धा मोठ्या प्रमाणावर इथून जायची. ती पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम होते. उसाच्या मळ्यांवर माणसं इतक्या झपाट्याने मरत, की दरवर्षी जहाजं भरभरून नवे गुलाम आणावे लागत. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मैदानात या गुलामांनी उठाव केला. मळे पेटले. पुढे तुसाँ लुव्हेर्त्युर या माणसाने त्या उठावाला शिस्तबद्ध सैन्याचं रूप दिलं. तो स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला होता. १७९४ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली, ती मुख्यतः या लोकांनी ती आधीच मोडून काढल्यामुळे.

मग नेपोलियन आला. त्याला वसाहतीवर जुना अंमल पुन्हा बसवायचा होता. त्याने आपला मेहुणा लक्लेर्क याच्या हाताखाली प्रचंड आरमार पाठवलं. तुसाँला वाटाघाटीच्या बहाण्याने बोलावून कैद करण्यात आलं आणि फ्रान्समधल्या जुरा पर्वतातल्या थंडगार किल्ल्यात डांबलं. एप्रिल १८०३ मध्ये तो तिथेच गेला. पण लढा त्याच्यासोबत संपला नाही. जाँ-जाक देसालीनने सूत्रं हाती घेतली. पिवळ्या तापाने फ्रेंच सैन्य पोखरलं, लक्लेर्क स्वतः त्या तापाने गेला. नेपोलियनचा पराभव डासांनी केला असं काही जण म्हणतात. पण डास तहावर सह्या घ्यायला येत नाहीत. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरच्या टेकडीवर समोरासमोर लढाई झाली आणि फ्रेंचांनी शरणागती पत्करली. १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्हमध्ये देसालीनने स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी उठाव करून स्वतःचं राष्ट्र उभारल्याचं इतिहासातलं हे एकमेव यशस्वी उदाहरण.

या इतिहासाला काळी बाजूही आहे, आणि ती झाकून केलेलं देशप्रेम मला मान्य नाही. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच देसालीनच्या आदेशाने तिथे राहिलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, त्यात बायका-मुलंही होती. आणि मळे चालू ठेवण्यासाठी नव्या राज्यकर्त्यांनी मुक्त माणसांवर पुन्हा सक्तीची मजुरी लादली. १८०६ मध्ये देसालीनला त्याच्याच माणसांनी राजधानीजवळच्या पाँ-रूज इथे ठार केलं.

तरीही त्या नव्या देशाने जे केलं ते त्या काळात कुणीच केलं नव्हतं. १८१५-१६ च्या सुमाराला दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणारा सिमोन बोलिव्हार पराभूत होऊन आश्रयाला आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष पेतियाँ यांनी त्याला बंदुका, दारूगोळा, माणसं दिली. मोबदल्यात एकच मागितलं : जिथे जिथे जिंकशील तिथल्या गुलामांना मुक्त कर.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. मराठी वाचकाच्या मनात गुलामांची मुक्ती म्हटलं की म्हणूनच अमेरिका येते. पण अमेरिकेच्या सहा दशकं आधी हैतीने गुलामगिरी कायमची गाडली होती, आणि ती कुणाच्या कृपेने नव्हे, गुलामांच्या स्वतःच्या हातांनी. त्याच अमेरिकेने हैतीला राष्ट्र म्हणून मान्यता दिली १८६२ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी. आपल्या मळ्यांवरचे गुलाम हैतीचा धडा गिरवतील ही दक्षिणेकडच्या राज्यांची धास्ती त्यामागे होती.

आता सूपाबद्दल. १ जानेवारीला हैतीत घरोघर ‘सूप जूमू’ होतं. लाल भोपळा, गोमांस, बटाटे, गाजर, कोबी, शेवया किंवा मॅकरोनी आणि झणझणीत मिरची. वसाहतीच्या काळात हे सूप मालकांच्या टेबलावरचं होतं. गुलाम भोपळा पिकवायचे, सूप रांधायचे, पण त्यांच्या वाट्याला ते येत नसे. स्वातंत्र्याच्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायलं आणि तेव्हापासून दर वर्षी पितात, शेजाऱ्यांना पाठवतात. मायामी, न्यूयॉर्क, माँट्रियलमधली हैतीची कुटुंबंही त्या सकाळी हेच करतात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. मोईज यांची हत्या आणि ऑगस्टमधला भूकंप सोसलेल्या त्या वर्षात देशाला मिळालेली बहुधा हीच एक चांगली बातमी. ध्वजवंदनाला सरकार लागतं, संचलनाला सैन्य लागतं. सूपाला चूल पुरते. म्हणून सरकार कोसळलं तरी हा दिवस कोसळत नाही.

मग इतक्या तेजस्वी सुरुवातीनंतर हा देश असा का झाला? ‘त्यांना राज्य चालवता आलं नाही’ हे उत्तर आपल्यालाही ओळखीचं आहे. इंग्रज जाताना आपल्याबद्दल हेच म्हणत होते. हैतीच्या बाबतीत खरं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे.

१८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौकांचा ताफा पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर आणून उभा केला. मागणी अशी, की स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक द्या. त्या नुकसानीत जमीन होती, तशी गुलाम माणसंही होती. म्हणजे ज्यांना विकत घेतलं गेलं होतं, त्यांनीच आपली किंमत मालकांना चुकती करायची. रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगतो : १८०३ मध्ये फ्रान्सने लुईझियानाचा अवाढव्य प्रदेश अमेरिकेला विकला तो ८ कोटी फ्रँकना. हैतीने पाच हप्त्यांत प्रत्येकी ३ कोटी द्यायचे होते. पहिल्याच हप्त्यासाठी पॅरिसच्या सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं आणि दलाली कापून हातात पडले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण तोवर कर्जावर कर्ज चढलं होतं. कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या करातून हे पैसे पिढ्यान्‌पिढ्या फेडले गेले. शाळा, रस्ते, दवाखाने यांत जायचा पैसा पॅरिसला गेला.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं, १९१५ मध्ये देशच ताब्यात घेतला आणि १९३४ पर्यंत ठेवला. १९५७ पासून २९ वर्षं दुव्हालिए बापलेकांची हुकूमशाही. २०१० चा भूकंप. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून पसरलेला कॉलरा, ज्यात सुमारे दहा हजार माणसं दगावली.

दुव्हालिए राजवटीतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९६४ मध्ये थोरल्या दुव्हालिएने राष्ट्रध्वजच बदलला. निळा-लाल झेंडा काढून काळा-लाल आणला, आपणच काळ्या जनतेचे खरे तारणहार असं ठसवण्यासाठी. त्याच झेंड्याखाली त्याच्या खाजगी फौजेने काळ्याच माणसांना छळलं आणि मारलं. १९८६ मध्ये धाकटा पळाला आणि निळा-लाल झेंडा परतला.

हेच आज वेगळ्या रूपात चालू आहे. १७ ऑक्टोबर २०२१ ला, देसालीनच्या स्मृतिदिनी, पाँ-रूज इथे पुष्पचक्र वाहायला पंतप्रधान आँरी निघाले. गोळीबार झाला, ताफा मागे फिरला. मग टोळीप्रमुख जिमी शेरिझिए पांढऱ्या सूटमध्ये तिथे आला आणि राष्ट्रपुरुषाला त्यानेच पुष्पचक्र वाहिलं. हा माणूस एकेकाळचा पोलीस. स्वतःला क्रांतिकारक म्हणवतो. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या टोळ्यांनी वस्त्या जाळल्या, बायकांवर अत्याचार केले, लाखोंना रस्त्यावर आणलं.

पंतप्रधान आणि टोळीप्रमुख, दोघांच्याही तोंडी देसालीन असताना खरा देशभक्त कसा ओळखायचा? मला एकच कसोटी पुरेशी वाटते. किंमत कोण मोजतं ते पाहावं. जो देशाचं नाव घेऊन दुसऱ्याला मोजायला लावतो, मग तो दुव्हालिए असो वा शेरिझिए, त्याचं ते देशप्रेम नव्हे. जो स्वतःच्या घामातून मोजतो, त्याचं आहे. आणि अशी माणसं हैतीत आहेत.

ईशान्येला डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर वानामँत नावाचं गाव आहे. शेजारून सीमेची नदी वाहते, तिचं नाव मॅसॅकर, म्हणजे कत्तलीची नदी. १९३७ मध्ये डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोने या सीमेवर हजारो हैतीवासीयांना मारलं होतं. नदीलगतच्या मारिबारूच्या मैदानात जमीन चांगली, पण पाणी नाही. अर्धवट पडलेलं कालव्याचं काम २०२३ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच पुन्हा हाती घेतलं. डॉमिनिकन राष्ट्राध्यक्ष लुईस अबिनादेर भडकले. आमच्या शेतकऱ्यांचं पाणी जाईल म्हणत त्यांनी १५ सप्टेंबर २०२३ ला सगळी सीमा बंद केली. नदीचं पाणी दोन्ही देशांनी वापरायचं असं १९२९ चा करार सांगतो आणि डॉमिनिकन बाजूने ते आधीपासून उचललं जात होतं, हे मात्र त्यांनी बाजूला ठेवलं.

सीमा बंद झाल्यावर काम थांबायला हवं होतं. झालं उलटंच. ‘कालवा थांबणार नाही’ ही घोषणा देशभर पोचली. लोक सिमेंटची पोती, सळ्या, तांदूळ घेऊन आले. परदेशातल्या हैतीवासीयांनी पैसे पाठवले. इंजिनिअर आले, गवंडी आले, बायका मजुरांसाठी स्वयंपाक करू लागल्या. आपल्याकडे पेरणी-मळणीला इर्जिक घालतात, तशी तिथे ‘काँबिट’ची जुनी चाल आहे, तिच्यावरच हा कालवा उभा राहिला. २०२४ मध्ये पाणी शेतांकडे वळलं.

त्या पाण्यावर भात पिकतो, याला मोठा अर्थ आहे. १९८० च्या दशकापर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होती. १९९० च्या दशकात कर्जदात्यांच्या दबावाखाली तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणावं लागलं, अनुदानावर पिकलेला अमेरिकन तांदूळ बाजारात ओतला गेला आणि शेतकरी बुडाला. त्या काळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे ही चूक होती असं कबूल केलं. वानामँतच्या लोकांनी त्या चुकीवर उतारा शोधला, तोही कुणाची वाट न पाहता.

फुटबॉलचीही एक आनंदाची बातमी आहे. राजधानीतलं मैदान टोळ्यांमुळे वापरता येत नाही, म्हणून हैतीचा संघ घरचे सामने कुरासाव बेटावर खेळतो. प्रशिक्षकांना देशात पाऊलही ठेवता आलेलं नाही. अशा संघाने १८ नोव्हेंबर २०२५ ला, बरोबर व्हेर्तिएरच्या लढाईच्या स्मृतिदिनी, निकाराग्वाला २-० ने हरवून विश्वचषकात जागा मिळवली. १९७४ नंतर पहिल्यांदा. त्या रात्री पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये लोक रस्त्यावर आले, ते पळण्यासाठी नव्हे, नाचण्यासाठी.

१७ एप्रिल २०२५ ला, १८२५ च्या त्या फर्मानाला २०० वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी हैतीवर अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती नेमण्याचं जाहीर केलं. पैसे परत करण्याबद्दल ते बोलले नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. हैतीला जग मदत म्हणून जे देऊ करतं, त्याआधी फ्रान्सने तिचं येणं परत करायला हवं. त्या पैशाने टोळ्या संपतील असं नाही, पण ते पैसे हैतीचे आहेत.

पुढचा जन्मदिवस ४ जानेवारीचा, म्हणून पुढचा देश म्यानमार. १९४८ च्या त्या दिवशी पहाटे चार वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त ज्योतिषांनी काढून दिला होता, तिथून सुरुवात करू.