चोपदाराची काठी आणि विजेचा इशारा

ज्येष्ठ उतरणीस लागला की नांदेडकडील दिंड्या लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरच्या वाटेने पंढरीकडे निघतात. काळ्या रानातली ही वाट उघडी. आडोसा म्हणजे एखादी चिंच वा लिंब. आणि नेमक्या याच दिवसांत मराठवाड्यात विजा पडून माणसे नि गुरे दगावतात.

वराहमिहिराचार्यांनी बृहत्संहितेत पर्जन्यलक्षणांवर स्वतंत्र अध्याय रचले. शास्त्र जुनेच, निरोप्या तेवढा नवा. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून पिवळे, नारिंगी, तांबडे इशारे जिल्हावार निघतात. पण वाटसरूचा जिल्हा कोणता? सकाळी नांदेड, मुक्कामाला लातूर! म्हणून २०२३ साली देशभर चाचणी झालेली मोबाइलवरील आपत्कालीन संदेशयोजना आम्हांस विशेष मोलाची वाटते. ती कुणाचे गाव विचारीत नाही. मनोऱ्याच्या टापूत जो असेल, त्याच्या खिशात ती कर्कश वाजते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' तर आपण उभे असू त्या जागेभोवतीच्या विजा दाखविते.

परंतु ऐकणार कोण? एका वर्षी अहमदपूर सोडल्यावर दुपारी असा संदेश आला. टाळमृदंगाच्या गजरात कुणासही तो ऐकू आला नाही. निम्मे मोबाइल बॅटरी राखण्यासाठी बंद, उरलेले सामानाच्या ट्रकमध्ये. ट्रकवरचा पोरगा धावत आला, तेव्हा कुणी म्हणाले, "कंपनीची जाहिरात असेल." चोपदारांनी मात्र काठी उंचावली. भजन थांबले. चिंचेखाली विसावलेली मंडळी उठवून आम्ही शाळेच्या पक्क्या इमारतीत नेली. तासभर गडगडाट झाला, पाऊस झाला; वीज जवळपास कोठे पडली नाही. "माऊली, उगाच चाल खोळंबली," अशी कुरकुर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा संदेश आला, तेव्हा उठणारे निम्मेच. आमच्या मते खरी भीती येथे आहे. इशारा त्या टापूसाठी असतो, एका झाडासाठी नव्हे. आज चिंच वाचली म्हणून इशारा खोटा ठरत नाही. उघड्या रानात कोणी अडकलाच, तर त्याने पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये.

यंदा प्रस्थानापूर्वी आम्ही एका तरुण टाळकऱ्याचे टाळ काढून घेतले आणि चालू मोबाइल हाती दिला. चोपदारांच्या शेजारीच त्याने चालावयाचे. "महाराज, माझी वारी अशी बिनटाळांचीच काय?" म्हणून तो रुसला. रात्रीच्या कीर्तनास टाळ परत, या बोलीवर राजी झाला.