पहिली टोळी जाऊ द्यायची!

समजा, तुम्ही सकाळपासून डोंगराच्या उतारावर दबा धरून बसलाय. थंडी मी म्हणतेय. घरातला मांसाचा साठा संपत आलाय. तेवढ्यात समोरच्या खिंडीतून कॅरिबूंची पहिली टोळी येते. बंदूक हातात, नेम सोपा. काय कराल?

आपण म्हणू, 'यात विचार काय करायचा?' पण अलास्कातले नुनामिउत शिकारी शांत बसून राहतात. पहिल्या टोळीवर गोळी झाडायची नाही, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा नियम.

खरं सांगायचं तर 'कॅरिबूची शिकार' हा विषय हातात आला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती, 'शिकार? शी!' आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशात वाढलोय. शिकार म्हटलं की आपल्याला एक तर जुन्या वाड्यातली पेंढा भरलेली मुंडकी आठवतात, नाहीतर कोर्टाच्या तारखा. पण वाचत गेले, माहितीपट बघत गेले आणि प्रकरण वेगळंच निघालं.

नाव ऐकून हसू नका

अलास्काच्या उत्तरेला ब्रूक्स पर्वतरांग आहे. तिच्या कुशीत अनाक्तुवुक पास नावाचं जेमतेम ४०० वस्तीचं गाव. या नावाचा अर्थ 'कॅरिबूच्या लेंड्यांची जागा'! हसू येतं, पण शिकाऱ्यासाठी यापेक्षा चांगला पत्ता कुठला? जिथे लेंड्या, तिथून कळप जाणार.

गावाला जोडणारा रस्ता नाही. माणसं विमानाने येतात, किराणाही विमानानेच येतो आणि त्यामुळे महाग पडतो. आजूबाजूला झाडं नाहीत, शेती नाही, समुद्रही लांब. त्यामुळे 'तुत्तु' म्हणजे कॅरिबू हेच मुख्य अन्न.

कॅरिबू आणि सांताक्लॉजची गाडी ओढणारा रेनडिअर ही प्रजाती एकच. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगं येतात ती फक्त याच प्रजातीत. हे कळप वर्षभरात शेकडो, कधी हजारो किलोमीटर चालतात. उन्हाळ्यात उत्तरेच्या मोकळ्या टुंड्रात, हिवाळ्यात दक्षिणेकडे. मधे आडवी पर्वतरांग आणि ती ओलांडायला मोजक्या खिंडी.

थांबण्याचं गणित

आता तो नियम. नुनामिउत म्हणजे 'जमिनीवरची माणसं'. त्यांचं म्हणणं असं की पुढची टोळी वाट पाडते. कॅरिबूच्या खुरांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे चालताना जमिनीवर वास राहतो. पुढचे सुखरूप गेले की मागचे त्याच वाटेने येतात. पुढच्यांवरच गोळ्या झाडल्या तर अख्खा कळप बिथरून दुसरी खिंड धरतो. मग गावाने हिवाळाभर खायचं काय?

पूर्वी बंदुका नव्हत्या, तेव्हा ही माणसं दगडांचे उभे ढीग रचून कळपाला तळ्याकडे वळवायची आणि पाण्यात पोहणाऱ्या जनावरांना छोट्या होडीतून भाल्याने टिपायची. आज बंदूक आहे, उन्हाळ्यात आठ चाकांची गाडी आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल आहे. मारलेल्या जनावराचं मांस वाळवतात, गोठवतात, हाडातला मगज खातात. कातड्याचे कपडे आणि तंबू व्हायचे, स्नायूच्या तंतूंचा दोरा. मांस शेजाऱ्यापाजाऱ्यांत, म्हाताऱ्यांच्या घरी वाटलं जातं.

आर्किऑलॉजीवाल्यांसाठी खास: लुईस बिनफर्ड हे नामवंत पुरातत्त्वज्ञ १९६९ पासून इथे येत राहिले. शिकारी कुठलं हाड कुठे टाकतात हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. कशासाठी? अश्मयुगीन माणसाने मागे टाकलेली हाडं 'वाचता' यावीत म्हणून!

कळप आलाच नाही तर?

हा प्रश्न हवेतला नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कॅरिबू इतके घटले की १९२० च्या सुमारास नुनामिउत कुटुंबांना डोंगर सोडून किनाऱ्यावर जावं लागलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस काही कुटुंबं परतली. त्यांच्यातूनच पुढे हे गाव वसलं.

आज पुन्हा आकडे घसरतायत. या भागात फिरणारा पश्चिम आर्क्टिक कळप २००३ मध्ये सुमारे ४ लाख ९० हजारांचा होता. २०२३ मध्ये उरले सुमारे १ लाख ५२ हजार. बदलतं हवामान हे एक मोठं कारण मानलं जातं. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला की वर कडक थर गोठतो आणि खालचं दगडफूल खुरांनी उकरून काढता येत नाही.

दुसरं भांडण माणसांचं. शिंगांसाठी, थरारासाठी छोट्या विमानाने डोंगरात उतरणारे बाहेरचे शिकारी पुढच्याच टोळ्या उधळतात, अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार. सरकारचेही नियम आहेत. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. डाल्टन महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ८ किलोमीटरपर्यंत शिकारीला बंदूक चालत नाही, धनुष्यबाणच वापरावा लागतो.

आणि तिसरी भीती रस्त्याची. तांब्याच्या खाणींसाठी याच महामार्गापासून पश्चिमेला सुमारे ३४० किलोमीटरचा अँबलर रस्ता प्रस्तावित आहे. २०२४ मध्ये बायडेन सरकारने तो नाकारला, २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मंजुरी दिली. रस्त्याने रोजगार येईल, असं म्हणणारेही स्थानिक आहेत. पण याच कळपाच्या वाटेवर रेड डॉग खाणीचा एक रस्ता आधीच आहे. तिथे रेडिओ कॉलर लावलेले काही कॅरिबू सरासरी महिनाभर रखडल्याचं संशोधकांना आढळलं होतं. शिकाऱ्यांचा 'पुढच्यांना अडवू नका' हा नियम मग नुसती जुनी समजूत वाटत नाही.

हे लिहिताना माझ्या हातात फोन होता आणि पार्किंगमध्ये ई-बाइक. दोन्हींत तांबं आहेच. ते कुठून आलं, मला माहीत नाही. शिकारीला 'शी' म्हणताना हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

उन्हाळा सरला की अनाक्तुवुक पासच्या बाहेर कुणीतरी दुर्बीण लावून बसेल. पहिली टोळी दिसेल, तो गप्प राहील. ती खिंड ओलांडून गेली की पुन्हा उत्तरेकडे बघत बसेल, मागचे येतायत का ते.