तोंड आले म्हणून अंडे बंद करू नका

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यातील ए.एल.एल. या नेहमीच्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. ते पूर्ण केल्यास अनेक मुले बरी होतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून औषधे घेऊन गावी आलेली मुले माझ्याकडेही येतात. बहुतेकांची तक्रार एकच, तोंड आले आहे. घरची वडील मंडळी म्हणतात, 'उष्णता झाली', आणि अंडी, मटण, गूळ सारे बंद होते.

हा दाह खाण्यातल्या उष्णतेचा नव्हे. मेथोट्रेक्झेटसारखी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात तोंडाच्या अस्तराच्या पेशीही सापडतात. ते अस्तर भरून येण्यास प्रथिने लागतात. कुपोषित मुलाला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि उपचार मध्येच थांबवावे लागतात.

तेव्हा तिखट-आंबट टाळून मऊ मुगाची खिचडी, तूप घातलेला वरणभात, पूर्ण उकडलेले अंडे, केळे असे थोडे थोडे, वारंवार द्यावे. अन्न ताजे, पाणी उकळून गार केलेले असावे. कच्ची कोशिंबीर, उसाचा किंवा गव्हांकुराचा रस देऊ नये. पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातील जंतू घातक ठरतात. फॉलिक ॲसिडचे टॉनिकही परस्पर आणू नये. ते मेथोट्रेक्झेटच्या कामाआड येऊ शकते.

ताप १००.४ अंशांवर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.