बीमपाशी

सैन्यभरतीच्या मैदानावर पहाटेच्या अंधारात, विजेच्या झोतांखाली, शेकडो तरुण तुकड्यातुकड्यांनी उभे केले जातात तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच धावण्याकडे वळते. कारण उमेदवारांची मोठी गळती होते ती तेथेच, आणि गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर वर्ष-दोन वर्षे भल्या सकाळी केलेल्या मेहनतीचा निकाल तेथे अवघ्या काही मिनिटांत लागतो. अंतर १६०० मीटरांचे, म्हणजे जवळजवळ एक मैलाचे. ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पोहोचणाऱ्याची गणना पहिल्या गटात होऊन त्यास ६० गुण मिळतात, आणि त्यापुढच्या १५ सेकंदांत येणाऱ्यास ४८. वर्षानुवर्षे चालत आलेला हा हिशेब प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतो. शिट्टी होताच आतल्या कडेसाठी झुंबड उडते, तीत कोणाचा बूट निघतो, कोणी पडतो; शहाणी मुले मात्र पहिले वळण बाहेरूनच घेतात व तिसऱ्या फेरीपर्यंत दम राखून ठेवतात. मुदत सरली की जवान दोर आडवा धरतात, आणि त्या दोरापाशी अडलेल्या मुलाची तक्रार ऐकून घेण्याची कोणास ना फुरसत असते, ना मुभा.

तथापि, माझ्या मते, ही परीक्षा खऱ्या अर्थाने पाहावयाची ती बीमपाशी. धावताना समुदाय माणसाला ओढून नेतो. बीमला लोंबकळणारा उमेदवार सर्वस्वी एकटा असतो, आणि तोही धाव संपवून, छाती अजून भात्यासारखी हलत असताना. हात पूर्ण सरळ, तेथून हनुवटी दांड्याच्या वर, पुन्हा हात सरळ, एवढाच काय तो शिरस्ता. पाय झाडून घेतलेला झोका नामंजूर. मोजणारा हवालदार चूक समजावून सांगत बसत नाही, तो केवळ मागचाच आकडा पुन्हा उच्चारतो. एकदा ‘सात’ झाल्यावर पुन्हा ‘सात’ कानी आले, की दंडांतली उरलीसुरली ताकद जमेस न धरता खर्ची पडली, हे त्या मुलाला आपोआप उमगते. आणि पुष्कळदा तिसरे ‘सात’ ऐकण्यापूर्वीच त्याची बोटे सुटतात.

आता गुणांचा तक्ता पाहावा. दहा पूर्ण करणाऱ्यास ४०, नवास ३३, आठास २७, सातास २१, सहास १६. म्हणजे धावण्याच्या या दोन गटांत अंतर १२ गुणांचे, तर बीमवर दहा आणि सहा यांत त्याच्या बरोबर दुप्पट. आणि सर्वांत महाग असतो तो दहावा, जेव्हा अंगात काहीच शिल्लक उरलेले नसते. असे असूनही कित्येक मुले सेकंदांच्या चिंतेत झुरतात व बीमची आठवण त्यांना भरतीची तारीख जाहीर झाल्यावर होते. त्यांना सर्वस्वी दोषही देता येत नाही, कारण रस्ता सर्वत्र फुकट मिळतो, दांडा मात्र शोधावा लागतो, मग तो शाळेच्या पटांगणातला असो वा आंब्याची आडवी फांदी असो. शिवाय महाराष्ट्रातील उमेदवाराकडून साधारणतः १६८ सेंटिमीटर उंचीची अपेक्षा करणारी हीच व्यवस्था त्या उंच देहाचा सगळा भार त्याच्याच मनगटांवर तोलून घेते, यातली गंमत बारीक चणीच्या, चिवट मुलांना फार लवकर कळते.

नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे, यांना गुण नाहीत. पार झाला तो पुढे, न झाला तो घरी. त्यानंतर मोजमाप: छाती ७७ सेंटिमीटर, आणि श्वास भरल्यावर आणखी ५. या पाचांसाठी रांगेतली मुले आधीपासूनच श्वास कोंडून उभी राहतात, आणि आपला क्रमांक येईतो बिचारी पुरती रिती होऊन जातात. जी यातूनही सुटतात ती बाहेर आली, की फाटकापाशी ताटकळलेले गाववाले सोबती त्यांना धावेची वेळ विचारीत नाहीत, पहिला सवाल असतो तो, “दहा मारले का?”